सरांची अपॉइंटमेंट

वेबसाइटी बदलणाऱ्या लोकांना मला एकदा माझ्या गाडीत बसवायचं आहे. मी गाडी चालवायला शिकवते. रोज सकाळी अनोळखी माणसाच्या हाती स्टिअरिंग द्यायचं आणि आपण शेजारी जीव मुठीत धरून बसायचं, हा माझा धंदा. माझ्या बाजूला एक जादा ब्रेक असतो, त्याच्या जोरावर आजवर तगले. तर या लोकांना गाडी चालू करून द्यावी आणि भर रस्त्यात सांगावं की ब्रेक आता इथे नाही, मागच्या सीटखाली गेलाय, तिथे तीन आडव्या रेघा दिसतील, त्या दाबा. परवान्याच्या ऑफिसची वेबसाइट बदलली तेव्हा माझं नेमकं हेच झालं. माझ्या शिकाऊ मंडळींना परीक्षेची तारीख घेऊन द्यायचं जे बटण होतं, ते गेलं आणि त्या जागी एका हसणाऱ्या बाईचा फोटो आला. ती बाई कशाला हसते ते मला अजून कळलेलं नाही.

आणि नशीब असं की असलं काम करणारं माणूस आमच्याच घरात निघालं. माझी धाकटी बहीण. तिला सगळे बारकी म्हणतात, आणि डॉक्टर झाली तरी ती बारकीच राहिली. डॉक्टर म्हणजे सुई टोचणारी नव्हे, प्रबंध लिहिणारी. मुंग्यांची नेहमीची वाट अडवली की त्या नवी वाट कशी शोधतात, यावर तिनं उमेदीची सगळी वर्षं घालवली. मुंग्यांना वाट सापडायची, हिचा प्रबंध काही संपायचा नाही. शेवटी एकदाचं घोडं गंगेत न्हालं तेव्हा आईनं सुटकेचा श्वास सोडला. बारकीनं मात्र त्या दिवशी जो श्वास आत ओढला, तो सोडलाच नाही.

आम्हाला वाटलं होतं, आता ही हसेल, खेळेल, जरा जाड होईल. झालं उलटंच. प्रबंधाच्या काळात तिचं एक बरं होतं. लिहायचं आणि सरांकडे पाठवायचं. सर म्हणजे तिचे मार्गदर्शक. ते दोन-तीन दिवसांत पान न् पान लाल करून परत पाठवायचे. ही रडायची, त्यांच्या नावानं बोटं मोडायची, आणि पुन्हा लिहायला बसायची. पदवी हातात आली आणि लिहिलेलं तपासायला कुणी उरलं नाही. माझ्याकडे शिकून परवाना मिळालेले लोक पहिल्यांदा एकटे निघतात, तेव्हा वळणावर शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघतात. बारकीचं तसं झालं. घरमालकाला नळ गळतोय हे कळवायचं तरी ती मला तीनदा वाचून दाखवायची आणि विचारायची, “ताई, यात काही चुकीचं तर नाही ना?” मी म्हणायचे, नळ गळतोय ना, मग झालं.

विद्यापीठात तिला जागा मिळाली नाही. मिळाली ती वेबसाइटी बनवणाऱ्या एका कंपनीत. तिथल्या मॅडम मुलाखतीत म्हणाल्या म्हणे की वेबसाइट वापरणारी माणसं मुंग्यांसारखीच असतात. मी म्हटलं, नसतात, मुंग्या फोन करून शिव्या देत नाहीत. पण मला कोण विचारतो. कंपनीनं तिला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं आणि डोळ्यांच्या एका मोठ्या हॉस्पिटलची वेबसाइट नव्यानं करायच्या कामाला जुंपलं. ती धडपणे सुरू झाली की नोकरी पक्की, असं ठरलं होतं. म्हणजे सगळं त्या एका वेबसाइटवर येऊन अडकलेलं.

त्या वेबसाइटचं रूप बारकीनं मला एकदा तिच्या लॅपटॉपवर लांबून दाखवलं. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं, मध्ये एक मोठं हिरवं बटण, आणि भरपूर मोकळी जागा. मी म्हटलं, “अगं, डोळ्यांच्या हॉस्पिटलात डोळे चांगले असलेले लोक जातात का?” ती म्हणाली, हे ती मीटिंगमध्ये बोलली होती. कसं बोलली तेही तिनं सांगितलं. मर्यादित निरीक्षणांवरून असं सुचवता येईल की काही वापरकर्त्यांना कदाचित अक्षरं थोडी फिकट वाटू शकतील, असं. एवढं वाक्य संपेपर्यंत मॅडम पुढच्या विषयावर गेल्या होत्या.

मग तिनं ती गोष्ट केली. वेबसाइट लोकांसाठी उघडण्याआधी तिची एक चाचणी प्रत असते. दिसायला हुबेहूब खरी, पण आत पोकळ. तिच्यात नाव भरलं, वेळ घेतली, तर ते हॉस्पिटलपर्यंत जात नाही, रोज आपोआप पुसलं जातं. वरच्या कडेला ‘चाचणी प्रत’ अशी पट्टी असते, तीसुद्धा फिकट राखाडीच. ही प्रत कंपनीबाहेर कुणालाही दाखवायची नाही, असं लिहून घेऊन त्यावर सगळ्यांच्या सह्या घेतलेल्या. आणि आमच्या विदुषीनं तिची लिंक सरांना फोनवर पाठवली. सोबत लिहिलं, सर, सवडीनं बघाल का. दुसऱ्या कुणाला असली बुद्धी सुचली नसती. पण इतकी वर्षं सरांच्या नजरेखालून गेल्याशिवाय तिचं एक पान पुढे सरकलं नव्हतं. जित्याची खोड, दुसरं काय.

सरांचं उत्तर आलं नाही. आठवडा गेला, दुसरा उजाडला. बारकीनं तोवर मला काही सांगितलं नव्हतं, पण तिचं जेवण तुटलं तेव्हाच मी ओळखलं. खोदून विचारल्यावर बाहेर पडलं. मला वाटलं कंपनीची भीती असेल. तीही होती, पण मोठी भीती ती नव्हेच. सर नेहमी उत्तर देतात. आता देत नाहीत, म्हणजे त्यांना हे काम बघवलं नसणार. इतकी वर्षं हिला शिकवलं आणि शेवटी ही बटणं रंगवत बसली, असं त्यांना वाटलं असणार. मी म्हटलं, फोन करून विचार. ती म्हणाली, काय तोंडानं विचारू? फोन हातात घ्यायची, नाव काढायची आणि परत ठेवायची. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना तिचं तेच चाललेलं. बघून बघून माझाच जीव टांगणीला लागला.

वेबसाइट सोमवारी उघडायची होती. शुक्रवारी दुपारी बारकी घरून काम करत होती आणि माझा एक शिकाऊ ऐन वेळी आला नाही. मी तिच्यासमोरचा लॅपटॉप मिटला आणि म्हटलं, चल, ऊठ, तुझ्या सरांना तोंडावर विचारू. ती नको नको म्हणत असताना मी तिला गाडीत कोंबलं. वाटेत ती नुसती ओढणीचं टोक पिळत होती.

सर एकटेच राहतात, तिसऱ्या मजल्यावर. दार उघडलं तेव्हा त्यांनी मान कोंबड्यासारखी एका बाजूला वळवून आमच्याकडे बघितलं, मला ते जरा विचित्र वाटलं. पण बारकीला बघून त्यांचा चेहरा एवढा फुलला की मी ते विसरले. बसा म्हणाले, चहा टाकतो म्हणाले. खोलीभर पुस्तकं, आणि खुर्च्यांवर आणखी पुस्तकं. आम्ही बसायला जागा करेपर्यंत ते चहा घेऊन आले आणि ओतायला लागले. पहिला कप नीट भरला. दुसऱ्याचा चहा कपाच्या शेजारी, थेट टेबलावर पडला. ते ओततच राहिले. बारकीनं घाईघाईनं त्यांचा हात धरला.

“अरेच्चा,” सर म्हणाले. “हा उजवा डोळा सध्या जरा संपावर आहे.”

मग त्यांनीच विषय काढला. बारकीच्या वेबसाइटबद्दल त्यांनी तपशीलवार टिपणं लिहून पाठवली होती, तिचं उत्तर कसं नाही आलं? बारकी म्हणाली, मला काहीच मिळालं नाही. कुठल्या ई-मेल पत्त्यावर पाठवली? सर म्हणाले, कुठल्या म्हणजे, तुझ्या विद्यापीठाच्या पत्त्यावर, नेहमीच्या. फोनवर काय टिपणं लिहायची असतात का.

पदवी झाली की विद्यापीठ तो पत्ता बंद करतं. बारकीनं तसं सांगितलं. सर म्हणाले, हां, यंत्राचं काहीतरी परत आलं होतं खरं, पण अक्षरं नीट लागेनात म्हणून राहू दिलं. मला हसू आवरेना. ही त्यांच्या मौनानं खंगत चाललेली आणि ते हिच्या मौनानं खट्टू झालेले. मी बारकीला कोपरानं ढोसलं, झालं ना समाधान. पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं.

“सर, डोळ्याला काय झालंय?” तिनं विचारलं.

सरांनी सांगितलं ते अगदी सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. दोन आठवड्यांपूर्वी कडेला ठिणग्या चमकायला लागल्या. मग काजळीचे कण तरंगल्यासारखे दिसायला लागले. परवापासून खालच्या कोपऱ्यातून एक काळा पडदा वर येतोय, दुखत मात्र काही नाही. आणि काळजीचं कारण नाही, कारण अपॉइंटमेंट घेतलेली आहे.

“तुझ्याच वेबसाइटवरून घेतली,” ते म्हणाले. “म्हटलं, नुसती बघण्यापेक्षा वापरूनच बघावी. ते हिरवं बटण छान आहे. मंगळवारची वेळ निश्चित झाली असं पान आलं. म्हणून तर थांबलोय.”

बारकीचा चेहरा पांढराफटक पडला. मला आधी फक्त एवढंच कळलं की त्या मंगळवारी हॉस्पिटलात सरांची कुणी वाट बघत नसणार. बाकीचं तिला कळलं होतं. ‘ताबडतोब या’ या मथळ्याखाली त्या वेबसाइटवर तीन ओळी आहेत, ठिणग्या, काजळी आणि पडदा. त्या ओळी तिनंच पानाच्या तळाशी बसवल्या होत्या, ठरलेल्या रंगात. तिला त्या तोंडपाठ होत्या.

“सर, चला,” ती म्हणाली. “चपला घाला.”

“आत्ता? अगं पण वेळ मंगळवारची...”

“ती वेळ खोटी आहे सर. ती वेबसाइटच खरी नाही. मी तुम्हाला सांगायला हवं होतं.”

सरांना ते नीट उमगलं असं वाटलं नाही, पण तिचा आवाज ऐकून ते उठले. जिन्यात तिनं त्यांचा हात धरला होता आणि प्रत्येक पायरी मोठ्यानं सांगत होती. मागच्या सीटवर त्यांना बसवून ती माझ्या शेजारी बसली, म्हणजे एरवी मी बसते तिथे. तिच्या पायाखाली माझा तो जादा ब्रेक. मी वेग घेतला की भीतीनं हिचा पाय त्यावर दाबला जायचा आणि गाडी आचके द्यायची. मागे शिकाऊची पाटी बघून लोक हॉर्न वाजवत होते. शेवटी मी ओरडले, पाय वर घे, नाहीतर खाली उतर. तिनं दोन्ही पाय सीटवर घेतले आणि गुडघ्यांत तोंड घातलं.

सर मागून तिची समजूत काढत होते. म्हणाले, कामाला नावं ठेवू नकोस, मांडणी स्वच्छ आहे. फक्त अक्षरं फिकी आहेत, वरच्या पट्टीवर काय लिहिलंय ते तर मला भिंग लावूनही वाचता आलं नाही. मग म्हणाले, “मी आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवरही टाकली ती लिंक. म्हटलं, माझ्या विद्यार्थिनीचं काम आहे, बघा. आणि आमच्यात डोळ्यांची तक्रार नाही असा आहे कोण?”

बारकीनं गुडघ्यांतून डोकं वर काढलं नाही. पण तिचे खांदे ताठ झाले ते मला दिसले.

हॉस्पिटलात खिडकीवरच्या मुलीनं सरांचं नाव दोनदा शोधलं आणि म्हणाली, अशी नोंद नाही, नवी वेबसाइट तर सोमवारी सुरू होणार आहे. आज सगळ्या वेळा भरल्यात, उद्या या. मला वाटलं आता बारकी नेहमीसारखी पुटपुटेल, मर्यादित निरीक्षणांवरून वगैरे. तिनं खिडकीतून हात आत घालून टेबलावर ठेवला. ठिणग्या, काजळी आणि परवापासून पडदा, असं तिनं एका दमात सांगितलं, आणि आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना विचारा म्हणाली. मुलगी आत गेली, आणि आतून एक नर्स चाकाची खुर्ची घेऊनच आली.

डॉक्टर बाईंनी तपासून सांगितलं ते आम्ही उभ्यानंच ऐकलं. डोळ्याच्या मागचा पडदा एका बाजूनं सुटत आलाय. मधला भाग, ज्यानं माणूस वाचतो, चेहरे ओळखतो, तो अजून चिकटून आहे, पण किती वेळ ते सांगता येत नाही. ऑपरेशन आजच. मंगळवारपर्यंत थांबला असतात तर, असं म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. बारकी भिंतीला टेकली. मी तिला धरलं, कारण मलाही कुणाला तरी धरायला हवं होतं.

सरांना आत नेल्यावर आम्ही त्यांच्या फोनवरून ग्रुपवर लिहिलं की ती वेबसाइट खरी नाही, तिच्यावर घेतलेल्या वेळा धरू नका. काहींनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. एकानं विचारलं, मग माझ्या बायकोच्या बुधवारच्या वेळेचं काय? दुसऱ्यानं लिहिलं, अरे देवा, मी तर ती आमच्या इमारतीतल्या सगळ्यांना पाठवलीय.

घरी आल्यावर मी बारकीला जे सांगितलं ते फार शहाणपणाचं नव्हतं. मी म्हटलं, गप्प बस. ग्रुपवर कळवलंयस ना, झालं तर. इमारतीतले लोक कळवतील एकमेकांना. कंपनीला कशाला सांगतेस? सही केलेली आहे, सोमवारी वेबसाइट उघडते, नोकरी पक्की होते, आणि तू आपणहून हातानं धोंडा पायावर पाडून घेणार? आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी आत निघून गेले. आता वाटतं, मी तेव्हा फक्त बहिणीकडे बघत होते. त्या इमारतीत कुणाच्या डोळ्यात ठिणग्या चमकत असतील, हे माझ्या मनातही आलं नाही.

शनिवारी सकाळभर ती मॅडमना पत्र लिहीत होती. लिहायची, पुसायची, पुन्हा लिहायची. दुपारी ते छापून घेतलं आणि म्हणाली, सरांकडे जाऊ. पत्र मी गाडीत वाचलं. दोन पानं होती. काय झालं, कसं झालं, कोणत्या परिस्थितीत झालं, फिकट अक्षरांबद्दल पूर्वी कुठल्या मीटिंगमध्ये काय मांडलं गेलं होतं, आणि खाली तळटीपा. एवढ्या पसाऱ्यात ती लिंक कुणी पाठवली हेच शोधावं लागत होतं.

ऑपरेशन नीट झालं होतं. किती दिसेल ते पट्टी निघाल्यावर कळणार होतं, आणि तोवर सरांनी पालथंच पडून राहायचं होतं. डोळ्यात भरलेल्या हवेनं पडदा दाबून धरायचा असतो म्हणे. आम्ही गेलो तेव्हा ते उशीत तोंड खुपसून पडले होते, नुसती पांढरी टाळू आणि एक कान दिसत होता. बारकी पलंगाशेजारी स्टुलावर बसली. तिनं आधी माफी मागितली. सर म्हणाले, ते काल एकदा म्हणालीस ना, आता पुरे. मग तिनं पिशवीतून कागद काढले.

“सर, मी कंपनीला कळवतेय. एकदा वाचून दाखवू का? बरोबर आहे की नाही तेवढं सांगा.”

“नको.”

बारकीला वाटलं ते थकलेत. म्हणाली, दोनच पानं आहेत, हळू वाचते.

“नको म्हटलं ना,” उशीतून आवाज आला. “मी बरोबर म्हटलं तर तू माझ्या भरवशावर पाठवणार. चूक म्हटलं तर परत लिहीत बसणार. आणि तोवर तिथे कुणीतरी माझ्यासारखा मंगळवारची वाट बघत बसलेला असेल. त्याला तुझ्या भाषेचं काय करायचंय?”

बारकी त्या कागदांकडे बघत होती. मला वाटलं, आता ही रडणार. ती रडली नाही. तिनं कागद दुमडून पिशवीत टाकले, फोन काढला आणि अंगठ्यांनी लिहायला लागली. फार वेळ लागला नाही. मी सवयीनं हात पुढे केला, दाखव म्हणून. तिनं दाखवलं नाही. पाठवलं आणि फोन मांडीवर पालथा घातला.

तो लगेच वाजला. सुट्टीच्या दिवशी, मॅडम. बारकीनं माझ्याकडे बघितलं नाही, सरांकडेही नाही. ती उठून उभी राहिली आणि फोन कानाला लावला. पलीकडचा चढलेला आवाज मला ऐकू येत होता.

“हो मॅडम, मीच पाठवली,” ती म्हणाली. “ती प्रत आधी बंद करा, आत्ता. आणि हॉस्पिटलला कळवा की लोक येतील, त्यांच्या नोंदी सापडणार नाहीत, तरी त्यांना परत पाठवू नका. एवढं करा, मग मला काय बोलायचं ते बोला. मी ऐकतेय.”